फिजिक्सचा दुसरा पेपर

द्वारका, नाशिक
२२ जानेवारी १९९७

प्रिय सलिमा,

तुझ्या इन्शाची तब्येत ठीक आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

पूर्वपरीक्षेचे गुण कळले. केमिस्ट्री आणि बायोलॉजी छान आहेत. फिजिक्स मात्र एकसष्टवर अडकलं. रोजे धरून पेपर दिले म्हणून असं झालं असेल का, हा विचार माझ्या मनात येऊन गेला आणि लगेच लाज वाटली, कारण केमिस्ट्रीच्या दिवशीही रोजा होताच.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. काल क्लासमध्ये पालकांची सभा होती. मुलांना बोलावलं नव्हतं. तुझ्या जागी मी गेले. पगार सरांनी आधी ज्यांनी यंदा नक्की बसावं त्यांची नावं वाचली. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता ज्यांनी विचार करावा त्यांची." इन्शा या दुसऱ्यांत निघाली.

'विचार करावा' म्हणजे काय, ते मलाही कालच कळलं. इकडे त्याला ड्रॉप घेणं म्हणतात. मेडिकलला बारावीचे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी एवढेच गुण बघतात. सरांचं म्हणणं असं की मूल एकदा पास झालं की तेच गुण त्याला कायमचे चिकटले. पुन्हा बसून वाढवलेले गुण धरतील की नाही याचा भरवसा नाही. म्हणून ज्याला कमी पडतील असं वाटतं, त्याने एखाद्या पेपरला जायचंच नाही. निकाल नापास लागतो आणि पुढच्या मार्चला सगळे विषय नव्याने देता येतात. एका बाईंनी विचारलं, "म्हणजे धडधाकट मूल परीक्षेच्या दिवशी घरी बसवायचं?" सर म्हणाले, "बाई, वर्ष गेलं तर भरून निघतं. सीट गेली की गेली." सगळे हसले. मी हसले का, ते मला आठवत नाही.

घरी आले तर इन्शा इफ्तारसाठी फळं चिरत होती. म्हणाली, "काय मावशी, सभेत माझी इज्जत काढली का?" मी म्हटलं, "फिजिक्सकडे लक्ष द्या म्हणाले." हे खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. आज नववीच्या मुलींचे निबंध तपासताना दिवसभर माझं तेच वाक्य मला टोचत होतं.

तुम्ही दोघं ठरवा आणि तिला सांगा. माझ्या फोनचा नंबर अजून लागलेला नाही आणि खालच्या बूथमध्ये चार माणसांसमोर असलं बोलणं मला जमणार नाही. कादरभाईंची ड्यूटी उद्या नाशिक रोडवरून आहे, त्यांच्याच हाती हे देते.

तुझी,
प्रतिभा


मनमाड
२५ जानेवारी १९९७

प्रतिभा,

सलाम. तुझं पत्र रोजा सोडायच्या आधी वाचलं, ही चूक झाली. खजूर तोंडात तसाच राहिला.

मी आणि कादर भांडलो. तुला तो माहीत आहे, सगळ्या गोष्टी रेल्वेवर नेतो. म्हणाला, "गाडी सुटलीय, पोरगी बसलीय, आणि तुम्ही साखळी ओढायला निघालात? आम्ही त्याला दंड लावतो." मी म्हटलं, "आणि चुकीच्या गाडीत बसली असेल तर?" तो म्हणाला, "तर तिला कळेल. पुढच्या स्टेशनला तिच्या पायांनी उतरेल." तिकिटं तपासून माणूस असा बोलायला शिकतो.

पण प्रतिभा, मी दवाखान्यात काय बघते ते त्याला दिसत नाही. आमच्या नगरपालिकेच्या दवाखान्यात डॉक्टर पुरुष आहेत, चांगले आहेत. बायका त्यांच्यासमोर तोंड उघडत नाहीत. मला बाजूला घेऊन सांगतात. मी आत जाऊन डॉक्टरांना सांगते. ते प्रश्न विचारतात, मी पुन्हा बाहेर येते. गेल्या महिन्यात एक बाई माझ्या अशाच आत-बाहेर करण्यात उशिरा मालेगावला पोचली. ती वाचली, पण तिची कूस गेली. त्या दिवसापासून मला इन्शाच्या नावापुढे डॉक्टर हवं आहे. आधी हौस होती, आता तसं नाही.

म्हणून मी असं ठरवलं आहे. ती परीक्षेला बसेल. फिजिक्सचा पहिला पेपर झाला की तू अंदाज घे. चाळीसपैकी तीसच्या वर वाटले तर चालू दे. खाली वाटले तर तिला दुसऱ्या पेपरला पाठवू नकोस. एक वर्ष मी सोसेन.

आणि तिला आत्ता काही सांगू नकोस. मागे उतरायला जिना आहे हे कळलं की माणूस चढताना दम लावत नाही. कादरलाही मी कसम घातली आहे.

हे काम मी दुसऱ्या कुणावर टाकलं नसतं.

सलिमा


नाशिक
३० जानेवारी १९९७

प्रिय सलिमा,

तुझं पत्र मिळाल्यापासून मी रोजनिशीत दोन्ही बाजू लिहून पाहते आहे. दवाखान्यातल्या त्या बाईसमोर माझं कुठलंच म्हणणं उभं राहत नाही. तरीही लिहिते, कारण न लिहिता हो म्हणणं बरोबर नाही.

परीक्षा तिची आहे. ती आता लहान नाही. परवा माझ्या गॅसच्या नंबरासाठी एजन्सीत जाऊन तिने अशी बाजू मांडली की तिथल्या माणसाने तिला खुर्ची दिली. तिच्यापासून हे लपवायचं, आणि मी रोज तिच्यासमोर बसून जेवायचं? पहाटे सहरीला मी तिच्यासाठी उठते. चहा गाळताना ती झोपाळलेल्या आवाजात स्वप्नं सांगते. माझ्यावर तिचा विश्वास आहे, आणि मी तिच्या पाठीमागे तिचा निकाल लावायला बसणार आहे.

पण मला आई होण्याचा अनुभव नाही. तू बारा वर्षं त्या दवाखान्यात आहेस, मी शाळेत 'मुलांना विश्वासात घ्या' यावर भाषणं ऐकते. कोणाचं ज्ञान मोठं, हे मला कळतं. तू म्हणतेस तसं करीन. वचन देते. हे वचन मला आवडलेलं नाही, एवढं मात्र तुला माहीत असू दे.

प्रतिभा


मनमाड
१३ फेब्रुवारी १९९७

प्रतिभा,

ईद झाली. शीरखुर्म्याचा डबा पाठवला होता तो मिळाला ना? कादर म्हणाला, तू फलाटावरच झाकण उघडून वास घेतलास.

इन्शा दोन दिवस राहिली. पहिला दिवस खूप हसली, नकला केल्या. पगार सरांची चष्मा पुसायची नक्कलही केली. ती दुसऱ्यांदा चष्मा पुसून पुढे काही वाचून दाखवते की काय, असं वाटलं. पण तिला सभेतलं काहीच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी कपडे भरताना विचारत होती, "अम्मी, तुझ्या दवाखान्यात मी आले तर तू मला आप म्हणशील का?" मी म्हटलं, "पेशंटसमोर म्हणेन. घरी भांडी घासायला लावेन."

कादर तिला सोडायला नाशिकपर्यंत गेला. परत आल्यावर दोन दिवस गप्प आहे. लेकीची आठवण, दुसरं काय. बाप लोकांना ते सांगता येत नाही.

आपलं ठरलेलं लक्षात ठेव.

सलिमा


नाशिक
२४ फेब्रुवारी १९९७

प्रिय सलिमा,

प्रॅक्टिकल पार पडली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत तिला दोनदा 'शाब्बास' म्हटलं, असं तिची मैत्रीण सांगत होती. ती स्वतः काही बोलली नाही.

ईदहून आल्यापासून ती बदलली आहे. टेबल खिडकीजवळ होतं, ते तिने भिंतीकडे वळवलं. जेवताना मान खाली. कधी मध्येच वर बघते, जणू मी काही बोलणार आहे. मी बोलत नाही. दूध पुढे करते. ती पिऊन आत जाते. परीक्षा जवळ आल्याचं दडपण, असं मी समजते. माझ्या शाळेतल्या दहावीच्या मुलीही अशाच झाल्या आहेत.

आमच्या घरात आता एक नियम आहे: झालेल्या पेपरवर बोलायचं नाही. तो तिनेच केला. मी लगेच मान डोलावली आणि मग लक्षात आलं की फिजिक्सच्या दिवशी हा नियम मलाच मोडायचा आहे.

प्रतिभा


नाशिक
६ मार्च १९९७, दुपार

सलिमा,

घाईत लिहिते. कादरभाई संध्याकाळच्या गाडीने परततील, तोवर स्टेशनवर पोचायला हवं.

आज फिजिक्सचा पहिला पेपर झाला. मी शाळेतून लवकर निघून केंद्रावर गेले. ती बाहेर आली ती पाय मोजत चालल्यासारखी. घरी येऊन हात धुतले, बराच वेळ धुतले.

मी विचारलं. ती म्हणाली, "विचारायचं नाही असं ठरलं होतं ना मावशी?" मी म्हटलं, "हो, तरी विचारते." तिने माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला नजर काढून घ्यावी लागली. मग ती खुर्चीत बसली आणि एकेक प्रश्न सांगत गेली. आवाजात काही नव्हतं, वाण्याला सामान सांगावं तसं. शेवटी म्हणाली, "पंचवीस. फार तर सव्वीस." आणि उठून गेली.

मी क्लासमध्ये जाऊन आले. पेपर अवघड नव्हता, असं सर म्हणाले. बरीच मुलं खुशीत आहेत.

उद्या महाशिवरात्रीची सुट्टी आहे. दुसरा पेपर परवा, शनिवारी अकराला. तू म्हटलेल्या रेषेच्या ती खाली आहे. मी वचन दिलं आहे. तरी एकदा विचारते: ठाम आहेस ना? तुझं उत्तर आल्याशिवाय मी तिच्याशी बोलणार नाही. बोलायला हवं का, हेही मला कळत नाही.

प्रतिभा


मनमाड
७ मार्च १९९७, पहाट

प्रतिभा,

तिला उद्या पाठवू नकोस.

मी खूप विचार केला असं लिहीत नाही, कारण विचार आधीच झाला होता. कादर माझ्याशी बोलत नाही. मी डबा भरून दिला, तो न बोलता घेतला. त्याला बाप म्हणून वाईट वाटतं, मला आई म्हणून वाटत नाही का? पण सव्वीसवर हो म्हटलं तर पुढे जन्मभर ती कुठल्याशा कॉलेजच्या लॅबमध्ये बाटल्या धुवेल आणि मी दवाखान्यात आत-बाहेर करेन.

तिला जवळ घे. सांग, अम्मी रागावलेली नाही. सांग, हे हरणं नाही. पुढच्या वर्षी मी रजा काढून तुझ्याकडे येऊन राहीन, स्वयंपाक मी करेन. पण उद्या ती घरी राहील.

तू शब्द दिला आहेस.

सलिमा


नाशिक, परीक्षा केंद्राबाहेर
८ मार्च १९९७

सलिमा,

मी शाळेच्या फाटकासमोर, एका रसवंतीच्या बाकावर बसून लिहिते आहे. बाजूला इतर पालक आहेत. एक आजोबा जप करत आहेत. इन्शा आत आहे. पेपर सुरू झाला आहे.

आता सगळं क्रमाने सांगते. काही वगळणार नाही, माझ्या सोयीचं नसेल तेही.

काल नाशिक रोडला कादरभाईंनी तुझं पत्र दिलं. मी फलाटावरच वाचलं. ते म्हणाले, "ताई, आत काय आहे ते विचारत नाही. तुमच्या तोंडावर आहे." मग म्हणाले, "मी कसम मोडली आहे. माझ्या वाटची कसम, तुमची नाही." मला तेव्हा काही समजलं नाही.

घरी आले. माझा उपास होता, आणि इन्शा माझ्यासाठी केलेली साबुदाण्याची खिचडी स्वतःच पातेल्यातून खात होती. मी म्हटलं, "इन्शा, अम्मीचं पत्र आलंय. तुझ्याबद्दल आहे." ती चमचा खाली न ठेवता म्हणाली, "उद्या जाऊ नको, असंच ना?"

तिला माहीत होतं, सलिमा. ईदहून परतताना निफाडच्या पुढे कादरभाईंनी तिला सगळं सांगितलं होतं. सभा, ड्रॉप, तू ठरवलेले तीस गुण, माझं वचन. म्हणाले होते, परीक्षा तुझी आहे, तुला माहीत हवं. त्या दिवसापासून तिला माहीत होतं, आणि तिला माहीत नाही असं आपण दोघी धरून चाललो होतो.

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचाराल म्हणून थांबले. रोज वाटायचं, आज जेवताना विचारतील. तुम्ही दूधच पुढे करायच्या."

मग ती म्हणाली, आणि हे मी तिच्याच शब्दांत लिहिते: "पेपर मला येत होता. पहिल्याच प्रश्नात एक उदाहरण अडलं. डोक्यात आलं, गेले तीन, राहिले सदतीस. मग पुढच्या प्रश्नाला पेन टेकवलं की तेच. आता हा चुकला तर किती राहतात? तीसच्या खाली जातात का? शेवटचा प्रश्न तर मी वर्गात दोघींना शिकवला होता. तो वाचला आणि घड्याळाकडे बघत बसले. मी पेपर लिहीत नव्हते मावशी. मी तपासत होते."

सलिमा, तिने दम लावावा म्हणून आपण जे लपवलं, त्यानेच तिचा हात धरला. मी यात तुझ्याइतकीच आहे. जास्तच, कारण मी तिच्या समोर होते.

मी तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, सगळं. 'अम्मी रागावलेली नाही' इथे ती रडली. दवाखान्याचं तुझं आधीचं पत्रही आठवेल तसं सांगितलं, त्या बाईचं. तेही तिला माहीत नव्हतं. तुझं कारण तिला कळायला हवं, असं मला वाटलं. मग मी विचारलं, "तुला काय करायचं आहे?"

ती म्हणाली, "तुम्ही काय म्हणता?"

"मी काही म्हणणार नाही."

"तेही पळणंच झालं ना, मावशी?"

मग मी म्हटलं, की मला वाटतं तू जावंस. पण गेलीस तर मेडिकल बहुतेक हातचं जाईल, हे धरून जा. आणि तुझी अम्मी चुकीची नाही. हे बोलताना माझा शब्द मोडत होता, ते मला कळत होतं. तुझा निरोप मी पोचवला, पण तिच्यावर लादला नाही. याला वचन पाळणं म्हणतात की मोडणं, ते तू ठरव.

आज सकाळी ती वेणी घालून, हॉल तिकीट घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "रिक्षा लवकर बघा." जिन्यावर थांबून म्हणाली, "अम्मीला सांगा, मेडिकल नको म्हणून पेपरला जातेय असं नाही. आणखी एक वर्ष तीस मोजत बसायला जमणार नाही."

द्वारकेला आम्ही अडकलो. त्र्यंबकहून परतणाऱ्या गाड्या, ट्रक, चारही बाजूंनी हॉर्न. रिक्षा हलेना. आणि माझ्या मनात आलं की इथेच उशीर झाला तर कुणालाच काही ठरवावं लागणार नाही. तुझा शब्द राहील, तिचा हट्टही राहील. हा विचार मला आला, हे तुला लिहिते. त्याच क्षणी ती उतरली. म्हणाली, "तुम्ही पैसे द्या, मी पुढे जाते." ट्रकांच्या मधून, कंपासपेटी छातीशी धरून, पळत. चौक ओलांडल्यावर दुसरी रिक्षा थांबवून माझ्यासाठी थांबली होती. आम्ही घंटा होता होता पोचलो.

ती आत गेली. फाटकातून मागे वळून पाहिलं नाही. 

आता आजोबांनी मला विचारलं, "तुमची मुलगी?" मी हो म्हटलं. एवढं खोटं तू सहन कर.

प्रतिभा


मनमाड
११ एप्रिल १९९७

प्रतिभा,

महिन्याने लिहिते. आधी लिहिलं असतं तर पत्र फाडावं लागलं असतं.

आईचं पत्र मुलीला वाचून दाखवणं सोपं असतं. ते पाळणं अवघड. अवघड होतं म्हणूनच मी ते तुझ्याकडे दिलं होतं. तू म्हणशील, तिला विचारायला हवं होतं. हो, हवं होतं. पण विचारायची वेळ जानेवारीत होती, आणि तेव्हा तू मान डोलावलीस. नंतर एका संध्याकाळी तुला जाग आली आणि माझ्या मुलीचं डॉक्टर होणं तू तुझ्या जागेपणावर लावलंस.

हे अन्यायाचं आहे का? असेल. आत्ता मला असंच वाटतं.

कादरशी मी आठवडाभर मीठ लागतंय का, एवढंच बोलत होते. तो म्हणायचा, लागतंय.

इन्शा घरी आहे. झोपते, वाचते, माझ्याबरोबर एकदा दवाखान्यात आली. बाकावर बसलेल्या बायकांशी बोलत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुन्हा तुझ्यावर राग आला असता.

निकाल लागेपर्यंत पत्र नको.

सलिमा


नाशिक
१६ जून १९९७

प्रिय सलिमा,

निकाल लागला, म्हणून लिहिते. गुणपत्रिका घ्यायला इन्शा आली होती. मी बरोबर गेले, पण रांगेत ती एकटी उभी राहिली. तिनेच तसं सांगितलं.

पास झाली. केमिस्ट्री, बायोलॉजीला उत्तम. फिजिक्सचे दोन्ही पेपर गुणपत्रिकेत एकत्रच येतात, पण पहिला तिने सांगितला तसाच धरला तर दुसऱ्यात तिचं फारसं काही गेलेलं नाही. तिन्हींची बेरीज मेडिकलला पुरत नाही. पगार सर म्हणाले, "म्हटलं होतं मी." म्हटलं होतं, हे खरंच आहे.

सलिमा, मी तीन महिने स्वतःला एकच विचारते आहे. ती घरी राहिली असती, तर पुढच्या वर्षी मिळालं असतं का? मला माहीत नाही. मिळालं असतं, असंही असू शकतं. ही शक्यता मी पुसून टाकू शकत नाही आणि तुलाही पुसायला सांगणार नाही.

तिने फक्त एवढंच विचारलं, "अम्मीला कोण सांगणार?" मी म्हटलं, "तू." ती परवाच्या गाडीने येते आहे. हे पत्र तिच्या आधी पोचावं की नंतर, ते मला ठरवता आलं नाही. म्हणून कादरभाईंकडे न देता साध्या टपालाने टाकते.

प्रतिभा


मनमाड
३० जून १९९७

प्रतिभा,

तुझं पत्र तिच्यानंतर आलं. बरं झालं.

ती आली, गुणपत्रिका माझ्या हातात दिली आणि समोर उभी राहिली. माझ्याकडे बोलायला सगळं तयार होतं. एप्रिलपासून जमवलेलं. होमिओपॅथीला गुण पुरतात, नावापुढे डॉक्टर लागतं, दवाखान्यात बायका तिच्याजवळ बोलतील, मी चौकशी करून ठेवली होती. तोंड उघडलं आणि कादर दारात दिसला. नुसता बघत होता, विनातिकीट माणसाकडे बघतो तसा. मी तोंड मिटलं. मग विचारलं, "तुला काय करायचं आहे?"

प्रतिभा, मला वाटलं होतं की विचारलं की मुली लगेच सांगतात. ती म्हणाली, "मला अजून ठरवता येत नाही." आणि ते खरं होतं. खोटं असतं तर मला कळलं असतं.

मग दिवस जाऊ लागले. ती ठरवत नव्हती आणि मला बोलता येत नव्हतं. होमिओपॅथीचं मी तिला सांगितलं, पण एकदाच, आणि सांगून झाल्यावर भाजी निवडायला बसले. ती म्हणाली, नाशिकला बी.एस्सी.लाही मिळेल, फिजिक्स घेऊन. मी म्हटलं, "फिजिक्स?" ती म्हणाली, "दुसरा पेपर लिहिताना मजा आली होती, अम्मी." भाजीत गवत तसंच राहिलं, कादरने जेवताना काढून ताटाच्या कडेला ठेवलं. त्या बाकावरच्या बायका मला दिसत होत्या. अजून दिसतात. त्यांचं मी काय करू, ते मला तू सांगू शकत नाहीस, ती सांगू शकत नाही. ते माझं आहे.

आज नाशिकला दोन्हीकडे प्रवेशाचा शेवटचा दिवस. पहाटे ती पंचवटी एक्स्प्रेसने निघाली, सगळे दाखले पिशवीत घालून. मी स्टेशनवर गेले होते. कुठल्या रांगेत उभी राहणार, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गाडी हलल्यावर विचारणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, "अम्मी, जेवून घे." खिडकी पुढे गेली.

तुला माफ केलं आहे की नाही, ते मला ठाऊक नाही. या पत्राबरोबर कादरच्या हाती डबा पाठवला आहे, तेवढं समज.

संध्याकाळी ती तुझ्याकडे येईल. तुला आधी कळेल. कादर रात्रीच्या गाडीला नाशिक रोडला असेल आणि तू नेहमीप्रमाणे पत्र लिहून त्याच्या हाती द्यायला निघशील.

देऊ नकोस. तिलाच येऊन सांगू दे. मी जागी आहे.

सलिमा